बाटली गार असेपर्यंत

सकाळी साडेसातला लेकीचा फोन आला. आईच्या गोळ्या मावशीकडे पाठवून द्यायच्या होत्या.

"किती?" त्याने विचारलं.

"किती म्हणजे? सगळ्या."

"उघडलेली बाटली की सीलबंद?"

"दोन्ही, बाबा. सगळ्या म्हणजे सगळ्या. आई म्हणाली, तिथे नुसत्या पडून राहण्यापेक्षा मागवून घेते."

"तिने स्वतः का नाही सांगितलं?"

लेक म्हणाली, "मी तिला म्हटलं तूच सांग, तर ती म्हणाली तूच सांग. आता माझ्यावर चिडू नका. मी दुपारी कुरियरवाला पाठवते."

"कुरियर नको. ते लोक गाडी उन्हात लावतात आणि जेवायला जातात. मी नेऊन देतो."

"तुम्ही? मावशीकडे?"

"का, मावशीने घर बदललंय?"

लेकीने बरं म्हणून फोन ठेवला. तो तसाच टेबलापाशी उभा राहिला. त्याची सारी नोकरी औषधांच्या एका गोदामात, कोल्ड रूमच्या दारावर गेली होती. कोणी थोडा माल नेला तर त्यात काही विशेष नसे. पण एखाद्या पार्टीने सगळाच्या सगळा उचलला, की फळी पुसून घ्यायची आणि ती जागा दुसऱ्याला द्यायची. ती पार्टी परत येणार नाही हे कुणी सांगावं लागत नसे.

बायको धाकट्या बहिणीकडे गेली होती ती तिच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी. महिनाभर, फार तर दीड महिना, असं ठरलं होतं. ती गेली तेव्हा घरात स्वेटर बाहेर होते. आता पंखा शेवटच्या आकड्यावर होता. भांडण झालेलं नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, कारण भांडणाला निदान मिटवायला जागा असते. ती दर दोन-तीन दिवसांनी फोन करायची, बहीण आज किती पावलं चालली ते सांगायची, तो इकडचं हवामान सांगायचा, आणि मग दोघांपैकी कुणीतरी "बरं मग" म्हणायचं.

त्या 'बरं मग'नंतर तो ओट्याशी उभ्याउभ्याच जेवायचा. टेबल मोठं वाटायला लागलं होतं. पलंगावर मात्र तो अजून आपल्याच बाजूला झोपत होता. धुतलेली चादर घातली, की दुसऱ्या बाजूवरची घडी तशीच राहायची.

गोदामात त्याला 'दोन-आठ' म्हणत. कोल्ड रूमचं तापमान दोन आणि आठ अंशांच्या मध्ये राहिलं पाहिजे, हा तिथला नियम. तो पाळताना त्याने ड्रायव्हर, हमाल आणि एकदा तर खुद्द मॅनेजरलाही दाराबाहेर उभं केलं होतं. त्याच्या दारातून जे आत येई ते थंडच ठेवायचं असे. कुठला माल कुठे जाणार हे त्याच्या आधीच्या टेबलावर ठरलेलं असे. त्यामुळे त्याने आयुष्यभर खोक्यावर दोनच गोष्टी वाचल्या: बॅच आणि मुदत. बाकीचा बारीक मजकूर त्याच्यासाठी नक्षीसारखा होता.

तो बारीक मजकूर बायकोच्या वाट्याचा. औषधांची लेबलं आणि खोकी छापणाऱ्या छापखान्यात ती प्रुफं तपासायची. तिच्या नजरेखालून गेलेली कितीतरी खोकी त्याच्या खोलीत येऊन पडली असतील. पण यावर त्यांचं कधी बोलणं झालं नव्हतं. त्याची पाळी सुटायची तेव्हा ती झोपलेली असायची, आणि ती निघायची तेव्हा तो. घरात एकमेकांना ओलांडून जाण्याची सवय दोघांना इतकी अंगवळणी पडली होती, की निवृत्त झाल्यावरही ते तसेच ओलांडत राहिले.

गोळ्या आल्या त्या निवृत्तीनंतर. कसल्याशा कार्डासाठी तिने फोटो काढून घेतला आणि तो पाहून म्हणाली, "हा माझा नाही, माझ्या आईचा आहे." पुढच्या आठवड्यात ती तपकिरी काचेची बाटली घेऊन आली. वाढतं वय आटोक्यात राहावं म्हणून घ्यायच्या कॅप्सुली. रोज सकाळी एक. त्याने हसायला हवं होतं, किंवा निदान खर्चाबद्दल कुरकुर करायला हवी होती. त्याने बाटली हातात घेतली, उलटी करून मुदत पाहिली आणि विचारलं, "ठेवणार कुठे?"

"कुठे म्हणजे? ओट्यावर."

"ओट्यावर? गॅसशेजारी? वाफेत? अगं, महिनाभरात चोथा होईल त्यांचा."

"मग न्हाणीघरातल्या कपाटात ठेवते."

"त्यापेक्षा सरळ नळाखाली ठेव ना."

त्याने बाटली ताब्यात घेतली. तोंडाशी कोंबलेला कापसाचा बोळा काढून टाकला, कारण कापूस दमट हवा धरून ठेवतो. 'खाऊ नये' असं लिहिलेली ओल शोषणारी पुडी मात्र आत राहू दिली. आणि बाटली फ्रिजमध्ये ठेवली, मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकवता. दारात अजिबात नाही. दार सारखं उघडतं, तिथलं तापमान माकडासारखं उड्या मारतं. शेजारी त्याने छोटा थर्मामीटर टांगला.

पहिल्याच सकाळी बायकोने फ्रिजमधून बाटली काढली आणि झाकण फिरवायला घेतलं. तो ओरडलाच.

"थांब! घाम येईल तिला."

"कुणाला?"

"बाटलीला. गार बाटली गरम हवेत उघडलीस की आतून पाणी सुटतं. कॅप्सुली चिकटतात. आधी तिला खोलीच्या तापमानाला येऊ दे."

"म्हणजे किती वेळ?"

"वीसेक मिनिटं."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग खुर्ची ओढून बसली. तोही बसला, कारण तिच्यावर त्याचा विश्वास नव्हता. उठून गेला असता तर तिने पाच मिनिटांत झाकण काढलं असतं. अशी ती पाळत सुरू झाली. रोज सकाळी सात वाजता बाटली टेबलाच्या मधोमध, बाहेरून धुक्यासारखी पांढुरकी झालेली. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो, आणि चहाचे दोन कप.

माणूस वीस मिनिटं गप्प बसू शकत नाही. पहिले काही दिवस ती पेपरातल्या जाहिरातींमधल्या चुका काढायची. "हे बघा, 'आकर्षक दारात फर्निचर.' दारात कशाला, आत घ्या की." मग स्वप्नं सांगायला लागली. तिला स्वप्नं लांबलचक पडत आणि त्यांत नेहमी कुठलं तरी घर बदललेलं असे. मग छापखान्यातल्या गोष्टी निघाल्या. एका मालकाने मुलाच्या लग्नाची पत्रिका तिच्याकडून न तपासता छापली आणि वधूच्या जागी विहिणीचं नाव गेलं, हे त्याने लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदा ऐकलं. तो फारसा बोलायचा नाही. डोळा बाटलीवर ठेवायचा आणि ऐकायचा. मधेच काचेला बोटाची मागची बाजू लावून पाहायचा आणि म्हणायचा, "अजून गार आहे." मग ती पुढे बोलायची.

हे असं वर्षभर तरी चाललं. मग त्याने सुधारणा केली.

बाटली रोज आत-बाहेर होते, हे त्याच्या मनाला खटकत होतं. रोज गार, रोज गरम. कोल्ड रूममध्ये असा माल कुणी केला असता तर त्याने त्याला लेखी खुलासा मागितला असता. शिवाय तिचा खोळंबा. तो केमिस्टकडून छोट्या तपकिरी बाटल्या घेऊन आला, धुतल्या, कडकडीत वाळवल्या, प्रत्येकीत एक-एक पुडी टाकली आणि आठवड्यापुरत्या कॅप्सुली काढून ठेवल्या. मोठी बाटली आता आठवड्यातून एकदाच बाहेर यायची. छोटी बाहेर, बंद कपाटात, अंधारात. त्यावर त्याने सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवली.

"आता थांबायला नको," त्याने तिला सांगितलं. बऱ्याच दिवसांनी त्याला स्वतःचं कौतुक वाटत होतं. "उठलीस की घे आणि मोकळी हो."

तिने छोटी बाटली हातात घेऊन त्याची चिठ्ठी वाचली. "छान केलंत," ती म्हणाली. "अक्षरही चांगलं काढलंय."

दुसऱ्या दिवसापासून ती ओट्याशी उभी राहून गोळी घ्यायची. तो पेपर घेऊन गॅलरीत बसायला लागला. पाळतीची गरज उरली नव्हती. त्यानंतर काही आठवड्यांनी बहीण जिन्यात पडली, आणि बायकोने बॅग भरली. छोटी बाटली त्याने महिनाभराच्या कॅप्सुलींनी गच्च भरून दिली, ती तिने नेली. ती संपल्यावर काय करणार, हे त्याने विचारलं नाही. येईलच ना तोवर, असं त्याने धरलं होतं.

फोन ठेवून त्याने फ्रिज उघडला. मधल्या कप्प्यात दोन बाटल्या: एक अर्धी, एक सीलबंद. दुसरं फारसं काही नव्हतं. एकट्या माणसाच्या फ्रिजमध्ये थंडी भरपूर असते.

अर्धी बाटली त्याने टेबलावर ठेवली आणि वाट पाहिली. ती कोरडी झाल्यावर झाकण काढून आत पाहिलं. एखादी तरी कॅप्सूल चिकटलेली असावी, फिकी पडलेली असावी, नाकाला काही वास यावा. तसं झालं असतं तर लेकीला सांगता आलं असतं, गोळ्या गेल्या, पाठवण्यात अर्थ नाही. मग बायकोला निदान एक फोन करावा लागला असता. त्याने बाटली हलवली. कॅप्सुली खणखणीत वाजल्या. एकही बिघडलेली नव्हती. माल इतका नीट ठेवल्याचा त्याला आयुष्यात पहिल्यांदाच राग आला.

केमिस्टने थर्माकोलची पेटी काढून दिली. "वहिनी आल्या का?" त्याने विचारलं.

"येतील."

"मग पेटी कशाला?"

"तोवर लागेल," तो म्हणाला, आणि हे उत्तर आपल्यालाच कळलं नाही असं त्याला रस्त्यात वाटलं.

पेटी भरताना मात्र हात सवयीने चालले. गोठवलेल्या जेलच्या पिशव्या चारी बाजूंनी, मधे पुठ्ठा, कारण गोठलेली पिशवी बाटलीला टेकता कामा नये. बाटल्या कपड्यात गुंडाळून उभ्या. वर थर्मामीटर. झाकणाला चिकटपट्टी. हे सगळं करताना त्याला जरा बरंही वाटलं, आणि बरं वाटतंय हे लक्षात आल्यावर वाटेनासं झालं.

बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन तो उन्हाच्या विरुद्ध बाजूला, सावलीत बसला. शेजारी एक जाडजूड गृहस्थ होते. बराच वेळ त्यांनी पेटीकडे पाहिलं आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "किडनी आहे का हो?"

"काय?"

"नाही, अशा पेटीतून नेतात म्हणे. टीव्हीवर पाहिलं होतं."

"गोळ्या आहेत. बायकोच्या."

"अरेरे. फार आजारी आहेत?"

"नाही. तरुण राहण्याच्या आहेत."

गृहस्थांनी तोंडावर हात धरला, पण पोट हलायचं थांबेना. मग डोळे पुसून ते म्हणाले, "आणि तुम्ही नाही घेत?"

"मी त्या सांभाळतो."

"हं," गृहस्थ म्हणाले. "म्हणून असे दिसता."

मेहुणीने दार उघडायला बराच वेळ घेतला. आतून वॉकरची ठकठक ऐकू येत होती. दार उघडून तिने आधी पेटी पाहिली, मग त्याला.

"भाऊजी! आइस्क्रीम विकायला लागलात की काय?"

"कशी आहेस?"

"सहा पायांची झालेय. या. ताई बाहेर गेलीय, माझी औषधं आणायला. येईल एवढ्यात. तुम्ही येणार हे तिला ठाऊक नाही वाटतं?"

"लेकीला सांगितलं होतं."

"लेक तुमच्यावर गेलीय. कामापुरतं बोलते." मेहुणी खुर्चीत टेकली. "पाणी तुमचं तुम्ही घ्या. माझ्याकडून सेवेची अपेक्षा नको."

तो पेटी घेऊन स्वयंपाकघरात गेला. फ्रिज लहान होता आणि खच्चून भरलेला. मधल्या कप्प्यात जागा करण्यासाठी त्याने एक पातेलं हलवलं तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

"फ्रिजमध्ये नका ठेवू हो! तिची जागा इकडे आहे. पॅसेजमधल्या कपाटात, वरून दुसरी फळी."

"कपाटात?"

"तिने आल्या आल्या रिकामी करून घेतली. माझे सगळे टॉवेल हाकलले. अंधार पाहिजे, कोरडं पाहिजे, म्हणे."

त्याने कपाट उघडलं. फळी पुसलेली होती. एका कोपऱ्यात त्याने भरून दिलेली छोटी बाटली उभी होती, रिकामी. त्याची चिठ्ठी तशीच होती. बाकी फळी मोकळी होती, दोन मोठ्या बाटल्या मावतील एवढी.

"पण ह्या थंड ठेवायच्या असतात," तो पॅसेजमधूनच म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

तो स्वयंपाकघरातून पेटी उचलून घेऊन आला.

"भाऊजी, बाटलीवर लिहिलंय की! तिने मला वाचून दाखवलं होतं. पंचवीस अंशांच्या खाली, कोरड्या जागी, फ्रिजमध्ये ठेवण्याची गरज नाही. ताईने जन्मभर दुसरं केलं काय? घेतली तेव्हाच दुकानात वाचलं असेल तिने."

त्याने पेटीची चिकटपट्टी काढली, अर्धी बाटली बाहेर घेतली, चष्मा कपाळावरून खाली आणला आणि दारापाशी उजेडात गेला. बाटलीवर दव धरायला लागलं होतं. त्याने अंगठ्याने ते पुसलं आणि वाचलं. मेहुणीने सांगितलं ते अगदी तसंच होतं, मुदतीच्या खाली, तीन ओळी सोडून.

"तिला माहीत होतं?" त्याने विचारलं. "आधीपासून?"

मेहुणी हसत होती. "मी तेव्हाच म्हटलं होतं, अगं, सांगून टाक त्या दोन-आठला, तुझा फ्रिज मोकळा होईल. तर म्हणाली, गप्प बस, मला रोज वीस मिनिटं मिळतात. उठत नाहीत ते, बाटली राखत बसतात. बोलू दे मला." मग तिला काही आठवलं. "नंतर तुम्ही म्हणे छोट्या बाटल्या केल्यात..."

वाक्य तिथेच राहिलं. मेहुणीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचं हसू हळूहळू आवरत गेलं.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "मेलं माझं तोंड. ऑपरेशन खुब्याऐवजी याचंच करायला हवं होतं."

दारात किल्ली फिरली. बायको आत आली. हातात औषधांची पिशवी होती. केस तिने कापून घेतले होते, मानेपर्यंत. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला पाहून ती उंबऱ्यावर क्षणभर थांबली, मग चप्पल काढली.

"तुम्ही कशाला आलात? कुरियर होतं ना."

"गाडी उन्हात लावतात."

"हं," ती म्हणाली.

मेहुणीने वॉकर ओढला. "मला आडवं व्हायचंय. कुणी विचारलं नाही, तरी सांगते." ठकठक करत ती आत गेली आणि दार तिने नेहमीपेक्षा जास्त आवाज करून लावून घेतलं.

बायकोने दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. अर्ध्या बाटलीच्या झाकणाला हात लावला आणि काढून घेतला.

"गार आहे," ती म्हणाली.

"पेटीतून आणलीय ना."

"मग आता खरंच थांबायला पाहिजे." तिने खुर्ची ओढली. तोही बसला. चहा नव्हता. बाटल्यांवर बारीक थेंब जमत होते आणि एखादा ओघळून टेबलावर येत होता.

"मी लेबल वाचलं," तो म्हणाला.

"कुठलं?"

"हेच. आत्ता."

"सगळं?"

"शेवटपर्यंत."

"त्यात एक चूक आहे. 'ठेवावे' दोनदा छापलंय."

त्याला ती दिसली नव्हती. तो म्हणाला, "तू सांगायचं होतंस."

"काय सांगायचं? फ्रिजमध्ये ठेवू नका? मग तुम्ही ती कपाटात ठेवली असतीत, आणि पेपर घेऊन गॅलरीत गेला असतात." ती बाटलीकडे पाहत होती. "शेवटी गेलातच."

"मला वाटलं, तुझा खोळंबा होतोय."

"कसला खोळंबा? मला कुठे जायचं होतं?"

आवाज चढलेला नव्हता. प्रुफातली चूक दाखवावी तशी ती बोलत होती. त्या वीस मिनिटांत बोलायचं काम तिचं होतं. आज ती पुढे बोलेना. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. शेवटी त्याला दुसरं काही सापडलं नाही म्हणून त्याने बसमधल्या गृहस्थांची गोष्ट सांगितली. किडनीपासून सुरुवात केली. सांगण्याची सवय नसल्याने मधला भाग आधी सांगितला, मग परत मागे गेला. 'म्हणून असे दिसता' पाशी आल्यावर ती हसली. आधी नाकातून, मग मोकळेपणी. आतल्या खोलीत खाट करकरली.

हसणं संपल्यावर त्याने विचारलं, "परत कधी येतेस?"

तिने बोटांची मागची बाजू काचेला लावली. "गार आहे अजून."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आले की पुन्हा तेच. तुम्ही गॅलरीत, मी ओट्याशी."

"गॅलरीतली खुर्ची काढून टाकतो."

"खुर्चीने काय केलंय?"

ती इथे बरी दिसत होती, हे त्याला दिसत होतं. या घरात कुणीतरी सारखं बोलत असायचं.

बाटली कोरडी झाली तेव्हा तिने ती उघडली, एक कॅप्सूल काढली आणि पाण्याबरोबर घेतली. मग अर्धी बाटली कपाटातल्या फळीवर नेऊन ठेवली. तिने झाकण दोनदा तपासलं. ही सवय तिला त्याची लागली होती. परत येऊन सीलबंद बाटली तिने टेबलावरून त्याच्या बाजूला सरकवली.

"ही राहू दे तिकडे."

"सगळ्या मागवल्या होत्यास ना?"

"मागवल्या होत्या." तिने टेबलावरचं पाणी फडक्याने पुसलं. "मुदत कधीपर्यंत आहे हिची?"

त्याने न पाहता महिना आणि साल सांगितलं.

"मग आहे वेळ," ती म्हणाली, आणि बहिणीला उठवायला आत गेली.

शेवटच्या बसने तो परत आला. जेलच्या पिशव्या निम्म्या वितळल्या होत्या, तरी पेटी आतून थंड होती. त्याने दिवा लावला आणि बाटली हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिला. एका बाजूला फ्रिज, दुसऱ्या बाजूला बंद कपाट. लेबल त्याने पुन्हा वाचलं, दोनदा छापलेल्या 'ठेवावे'सकट. मग फ्रिज उघडून बाटली मधल्या कप्प्यात ठेवली. सूचना वाचूनही माल वेगळ्या जागी ठेवण्याची ही त्याची पहिलीच वेळ. छोट्या बाटल्या त्याने एका पिशवीत घातल्या आणि दुसऱ्या दिवशी केमिस्टला परत देऊन आला.

गॅलरीतली खुर्ची अजून गॅलरीतच आहे. पेपर मात्र तो टेबलावर वाचतो आणि जाहिरातीत चूक सापडली की पेनाने गोल करून ठेवतो. बऱ्याचशा चुका नसतातच, असं लेकीचं म्हणणं.

मेहुणी आता वॉकर सोडून काठीवर आली आहे. डॉक्टरांनी तिला जिना चढायची परवानगी दिली. ही बातमी बायकोने काल सकाळी सातला फोन करून दिली. एरवी तिचा फोन संध्याकाळी येतो. यायचं काही बोलली नाही. त्यानेही विचारलं नाही. 'बरं मग' व्हायच्या बेतात होतं, तेवढ्यात तिने विचारलं, "ती बाटली कुठे ठेवलीत?"

तो जरा घुटमळला. मग खरं सांगितलं. "फ्रिजमध्ये."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"दारात नका ठेवू," ती म्हणाली.